कामापुरती ओळख

आपल्या नल्लकुंट्याच्या नावाचा तेलुगूतील अर्थ 'काळे तळे' असा आहे. तळ्यावरून, झाडावरून किंवा टेकडीवरून गावाला नाव देण्याची चाल देशभर असल्यामुळे सारख्या नावांची गावे भारतात पुष्कळ आढळतात. त्यात पत्ता लिहिणारा एका लिपीत लिहिणार आणि टपाल निवडणारा दुसऱ्या लिपीत वाचणार! हा घोटाळा दूर व्हावा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन क्रमांकाची पद्धत सुरू झाली. तिची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या मराठी मुलखातले, केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी. नल्लकुंट्याचा ५०००४४ हा क्रमांक त्याच पद्धतीतला. त्यातील पहिला ५ हा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून टपाल निवडण्याचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारी कचेरी सांगतात.

ह्या क्रमांकाचा एक गुण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. टपाल खात्याला कामासाठी जेवढे हवे तेवढेच तो सांगतो. त्यापलीकडे एक अक्षरही सांगत नाही. ५०००४४ ह्यावरून पत्र योग्य कचेरीत पोचते; परंतु घरात माणसे किती, त्यांची मिळकत काय, ती कोठे जातात येतात, ह्यांतले काहीच त्यावरून कळत नाही. 'कामापुरती ओळख' हे तत्त्व येथे किती साधेपणाने पाळले गेले आहे! हेच तत्त्व आजच्या संगणकाच्या आज्ञावलींनी पाळावे, असे प्रतिपादन करण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे. आपल्या शहरात १९९८ साली सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि त्यानंतर आज्ञावली लिहिणे हा हैदराबादेतील हजारो घरांचा चरितार्थ झाला. आज हा अंक हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण उद्या तोच व्यवसाय पत्करतील. तेव्हा हा विषय दूरचा मानण्याचे कारण नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. प्रत्येक यंत्राला स्वतःची ओळख सांगणारे काही क्रमांक असतात. भ्रमणध्वनीचा आयएमईआय हा पंधरा अंकी क्रमांक आहे. त्यातील पहिले आठ अंक यंत्राचा नमुना सांगतात, पुढचे सहा त्या एका यंत्राचे असतात आणि शेवटचा अंक लिहिण्यातली चूक पकडण्यासाठी असतो. जाळ्याशी जोडणाऱ्या पट्टीला मॅक नावाचा अठ्ठेचाळीस बिटांचा क्रमांक असतो व त्याचा पहिला अर्धा भाग ती पट्टी कोणी बनवली हे सांगतो. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक संगणकांत मशीन-आयडी नावाच्या छोट्या फाइलीत बत्तीस चिन्हांचा क्रमांक ठेवलेला असतो. एखाद्या आज्ञावलीला 'मी कोणत्या यंत्रावर चालत आहे?' असा प्रश्न पडला, म्हणजे ती ह्यांपैकी एखादा क्रमांक वाचते. वाचणे मोठे सोपे असते. दोन ओळींत काम होते. आणि जे काम दोन ओळींत होते त्याच्या परिणामांचा विचार करण्यास बहुधा कोणी थांबत नाही.

पहिली अडचण अशी की, अद्वितीय म्हणून मानलेला क्रमांक पुष्कळदा अद्वितीय नसतो. सुटे भाग जोडून केलेल्या संगणकात मुख्य पट्टीचा अनुक्रमांक म्हणून कित्येकदा 'कारखानदाराने येथे भरावे' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्यच तसेच राहिलेले असते. ते वाक्य क्रमांक समजून घेणाऱ्या आज्ञावलीच्या दृष्टीने अशी हजारो यंत्रे एकच ठरतात. शाळेच्या किंवा कचेरीच्या संगणककक्षात एक यंत्र नीट मांडून त्याची हुबेहूब प्रत इतर यंत्रांवर उतरवली, तर सर्वांचा मशीन-आयडी एकच होऊन बसतो; म्हणून प्रत काढण्यापूर्वी ती फाइल रिकामी करावी लागते. २०२० साली मेरठच्या पोलिसांना तपासात एकाच आयएमईआयवर तेरा हजारांहून अधिक भ्रमणध्वनी चालत असल्याचे आढळले होते. तात्पर्य, क्रमांक मिळाला म्हणून ओळख पटली, असे समजणे हा भाबडेपणा होय.

दुसरी अडचण ह्याच्या नेमकी उलट आहे. क्रमांक खरोखरच अद्वितीय आणि कायमचा असेल, तर तो गरजेपेक्षा अधिक बोलतो. एक दुकान, एक खेळ, एक वृत्तपत्र आणि एक औषधालय ह्या चौघांच्या आज्ञावलींनी एकाच भ्रमणध्वनीचा तोच क्रमांक नोंदवला, तर त्या चार वह्या शेजारी ठेवताच एका माणसाचे सारे आयुष्य मांडता येते. त्याने कोणालाच नाव सांगितलेले नसते, तरीही! ही भीती काल्पनिक नाही. १९९९ साली इंटेल कंपनीने पेंटियम तीन ह्या प्रक्रियकात शहाण्णव बिटांचा अनुक्रमांक घातला, तेव्हा अमेरिकेत आणि युरोपात मोठा गहजब झाला व पुढील प्रक्रियकांतून कंपनीला तो वगळावा लागला. त्याच वर्षी असे उघडकीस आले की, त्या काळच्या वर्ड आज्ञावलीत लिहिलेल्या कागदपत्रांत लिहिणाऱ्याच्या यंत्राचा मॅक क्रमांक गुपचूप उमटत होता. लोकांनी आक्षेप घेतल्यावर मायक्रोसॉफ्टने ती व्यवस्था बदलली. निनावी पत्र लिहिणाऱ्याच्या हस्ताक्षराहूनही ही खूण पक्की होती, आणि ती आपण कागदावर ठेवून जात आहोत ह्याचा लिहिणाऱ्याला पत्ताच नव्हता.

येथे कोणी म्हणेल, 'ज्याच्या मनात पाप नाही त्याने क्रमांक लपवावा कशाला? आणि कायमचा क्रमांकच नसेल, तर चोर कसा सापडावा?' ह्या आक्षेपाचा दुसरा भाग खरा आहे व तो मान्य केला पाहिजे. हरवलेला किंवा चोरीस गेलेला भ्रमणध्वनी आयएमईआयवरून निकामी करण्याची सोय सरकारने २०२३ साली 'संचार साथी'च्या द्वारे देशभर खुली केली आणि ती खरोखर उपयोगाची आहे. परंतु चोराचा माग काढणे हे पोलिसांचे व दूरसंचार कंपन्यांचे काम आहे; पत्ते खेळण्याच्या किंवा पंचांग दाखवण्याच्या आज्ञावलीचे ते काम नव्हे. पहिल्या भागाचे उत्तर त्याहून सोपे आहे. आपण घराला दार लावतो ते आत पाप चालले आहे म्हणून नव्हे, तर घर आपले आहे म्हणून.

तर मग आज्ञावली लिहिणाऱ्याने वागावे कसे? आमच्या मते त्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : यंत्राचा खरा क्रमांक मला हवाच आहे काय? दहापैकी नऊ वेळा उत्तर 'नाही' असे येईल. 'हाच ग्राहक पुन्हा आला' एवढेच कळायचे असेल, तर आज्ञावलीने प्रथम चालताना स्वतःच एक यदृच्छ क्रमांक निर्माण करून जपून ठेवावा. यूयूआयडीच्या यदृच्छ प्रकारात एकशे बावीस बिटे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडली जातात. असे क्रमांक इतके संभवतात की त्यांची संख्या सदतीस अंकी भरते. दोघांना तोच क्रमांक मिळण्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. शिवाय आज्ञावली काढून टाकली की क्रमांकही जातो, आणि शेजारच्या आज्ञावलीला त्याचा गंधही नसतो.

दुसरा प्रश्न : खरा क्रमांक घेतलाच, तर तो उघडा ठेवावा काय? मुळीच नाही. लिनक्सच्या पुस्तिकेतच म्हटले आहे की, मशीन-आयडी गोपनीय मानावा व तो जाळ्यावर उघड करू नये. त्याऐवजी आज्ञावलीने आपली खास किल्ली त्यात मिसळून त्याचा 'हॅश' काढावा. ज्वारी दळली की पीठ होते, परंतु पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. हॅशचे तसेच आहे. मात्र किल्लीवाचून नुसते दळणे पुरेसे नाही. आयएमईआयचे पहिले आठ अंक नमुन्यावरून ठाऊक होतात आणि शेवटचा अंक हिशेबाने येतो. उरले सहा, म्हणजे अवघ्या दहा लाख शक्यता. संगणक त्या सर्व शक्यता निमिषार्धात दळून पाहील आणि कोणते पीठ कोणत्या दाण्याचे हे सांगून मोकळा होईल. म्हणून किल्ली हवी, आणि ती गुप्त राखलेली हवी.

तिसरा प्रश्न : क्रमांक मिळालाच नाही, तर? पुष्कळ आज्ञावली येथे कोलमडतात. क्रमांक रिकामा असेल, सारी शून्ये असतील, वाचण्याची परवानगी नसेल, ह्या सर्व शक्यता धरूनच लिहावे. क्रमांक वाचण्यासाठी यंत्राचे सर्वाधिकार मागून घेणे म्हणजे पाहुण्याने पाणी मागण्याऐवजी कोठीची किल्ली मागण्यासारखे आहे.

चौथा प्रश्न : मी ओळखीलाच पुरावा समजत नाही ना? मॅक क्रमांक कोणालाही बदलता येतो. 'मी अमुक' असे दारात उभे राहून सांगणारा प्रत्येक जण तोच असतो असे नाही. क्रमांकाने हाक मारता येते. त्याच्या भरवशावर तिजोरी उघडू नये.

मोठ्या कंपन्यांनाही अनुभवाने हाच धडा मिळाला आहे. ॲपलने १ मे २०१३ पासून यंत्राचा कायमचा क्रमांक वाचणाऱ्या आज्ञावली स्वीकारणे बंद केले आणि मॅक विचारणाऱ्यास सर्व यंत्रांकडून एकच ठरीव उत्तर मिळेल असे केले. अँड्रॉइडने २०१७ साली प्रत्येक कर्त्याच्या आज्ञावलीस निराळा क्रमांक देण्यास आरंभ केला व २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून सामान्य आज्ञावलींना आयएमईआय वाचण्याची बंदी केली.

जे यंत्राचे तेच माणसाचे. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या गावी दिला गेला. त्या बारा अंकांत जात, गाव, वय ह्यांपैकी काहीही गुंफलेले नाही, ही आखणीतील सुज्ञता म्हटली पाहिजे. परंतु तोच क्रमांक शिकवणीच्या वर्गात, वाचनालयात, भाड्याच्या खोलीच्या करारात सर्वत्र लिहून दिला, म्हणजे तो चार वह्या जोडणारा दोरा होतो. म्हणूनच २०१८ साली सोळा अंकी आभासी क्रमांकाची सोय झाली. तो हवा तेव्हा बदलून घेता येतो. केवळ शेवटचे चार अंक दाखवणारी झाकलेली प्रतही मिळते. आपल्या किती घरांत ह्या सोयींची माहिती आहे? झेरॉक्सच्या दुकानात पूर्ण क्रमांकाची प्रत सोडून येणारे मात्र आपण रोज पाहतो. पालकांनी ही सवय मोडावी आणि विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना ती मोडण्यास मदत करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

आपल्या नल्लकुंट्यातील फीव्हर हॉस्पिटल मलेरियाचे कोडे १८९७ साली सिकंदराबादेत उलगडणाऱ्या सर रोनाल्ड रॉस ह्यांच्या नावाने चालते. रॉस ह्यांना ज्या सूक्ष्म गोष्टीचा शोध लागला ती होती सर्वांच्या अंगावर बसणाऱ्या डासाच्या पोटात. पाहिली मात्र त्यांनी, कारण ते नेटाने पाहत राहिले. आज्ञावलीतील दोन ओळी अशाच क्षुल्लक दिसतात. विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्या हातून त्या लिहिल्या जातील, तेव्हा त्यांच्या पोटात काय आहे ते पाहून घ्या. ज्या अनोळखी माणसाच्या यंत्रावर त्या चालणार आहेत, त्याने तुमच्यावर विश्वास टाकलेला असेल. त्याला विचारायचे ते कामापुरते विचारा, आणि जे विचारले ते जपा. वेलणकरांच्या सहा अंकांनी अर्धशतकाहून अधिक काळ हेच केले आहे.