समासातली पेन्सिल

वाचनालयातून बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' आणलं. १९६३ चं पुस्तक. समासात कुणा सभ्य वाचकानं पेन्सिलीनं शेरा मारलाय : 'भाषा असभ्य. अतिरंजित.' मग बाबासाहेबांचं 'हू वेअर द शूद्राज?' काढलं. १९४६ चं, जोतीराव फुल्यांना अर्पण केलेलं, पानोपानी संदर्भ. त्यावर शेरा : 'पूर्वग्रहदूषित.' एकाही पुराव्याचं खंडन नाही!

आणि मोल्सवर्थचा कोश? मूळ १८३१ चा. शब्द जमवायला ब्राह्मण पंडित बसवलेले. त्याच्या समासात रेघसुद्धा नाही. ते प्रमाण!

म्हणजे हा गडी पुस्तक वाचत नाही, लेखकाची जात वाचतो. अरे, झोपडपट्टीतल्या बाईच्या तोंडी काय शालू नेसलेली मराठी घालायची?

पण दोस्तहो, आपलंही काही खरं नाही. आपण बाबासाहेबांची पुस्तकं फोटोखाली मांडतो, हार घालतो. पानं चिकटलेलीच. वाचून भांडायचं कुणी?

मी त्या शेऱ्याखाली लिहून आलो : 'कुठला पुरावा खोटा? पान सांग.' तीन महिने झाले. दर शनिवारी जाऊन बघतो. शेरा खोडलाय, उत्तर नाही.