शजऱ्यात फुफी कुठे आहे?

बऱ्याच घरांत जुना शजरा जपून ठेवलेला असतो. परदादा, दादा, त्यांचे मुलगे, मुलग्यांचे मुलगे. पिढ्या सरळ खाली उतरत जातात आणि त्यात एकही आई भेटत नाही. मुली तर जणू जन्मल्याच नव्हत्या! येत्या ईदला सगळे जमल्यावर वही काढणार असाल, तर आमचं म्हणणं एवढंच : सुरुवात नानीपासून, फुफीपासून करा.

‘त्यांना तारखा आठवत नाहीत’ असं सांगितलं जातं. आठवतात, पण त्यांच्या हिशेबानं. कोकणातली एखादी नानी म्हणेल, "रामदास बोट बुडाली, त्याच रमजानात माझा जन्म." बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला, रमजान तोंडावर असताना. म्हणजे नानी जुलैअखेरची किंवा ऑगस्टची. कोयनेचा भूकंपही रमजानातच झाला, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, ऐन सेहरीच्या सुमारास. "भूकंपानंतरच्या ईदला निकाह ठरला" म्हटलं की जानेवारी १९६८ हाती लागतो. मात्र हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, हे नातवंडांनी ध्यानात ठेवावं.

मग निकाहनामा शोधा. दादीचं नाव, तिच्या वालिदांचं नाव, मेहर, वकील, गवाह हे सारं तिथं असतं. कागद उर्दूत, नातवंडं मराठी शाळेतली. दादांनी वाचावं, नातीनं मराठीत उतरवावं आणि गवाह कोणाचा कोण, हे फुफीनं सांगावं. तिघं एकत्र बसल्याशिवाय हे काम होत नाही.

एक अवघड पान मात्र येणारच. दादांच्या इंतकालानंतरचा फेरफार काढला की वारसांत भावांची नावं दिसतात, बहिणींची कधी दिसतात, कधी नाहीत. सूरह निसानं मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. काही घरांत वही इथंच मिटते. आमच्या मते मिटू नये. फुफीनं हिस्सा खुशीनं सोडला की तिला कुणी विचारलंच नाही, हे तिच्याच तोंडून, चारचौघांत नव्हे तर एकटीला भेटून ऐकावं. मोबाइल बंद करा म्हणाली तर बंद करावा. तिनं परवानगी दिली तेवढंच लिहावं.

आणि वहीची एक प्रत फुफीच्या सासरीही पोचती करा.