निशी-कासाई स्टेशन आणि आपले भाषेचे तास

जपान म्हटले की मुलांना बुलेट ट्रेन आठवते. आम्हांला मात्र पालकांचे आणि विश्वस्तांचे लक्ष टोकियोच्या एका साध्या उपनगरी स्टेशनाकडे वेधायचे आहे. त्याचे नाव निशी-कासाई.

तोझाई मेट्रो शहराच्या मध्यभागी जमिनीखालून धावते. पूर्वेकडे आराकावा नदी आली की ती वर येते, पूल ओलांडते आणि पुढे खांबांवरूनच जाते. पलीकडचा एदोगावा विभाग इतका सखल, की तेथील पुष्कळशी जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. 1969 मध्ये येथून गाड्या धावू लागल्या. निशी-कासाईला स्टेशन मात्र 1 ऑक्टोबर 1979 रोजी झाले. जलद गाडी आजही थांबत नाही. वर फलाट, रुळांखाली दुकाने, बस्स! (पुढच्याच कासाई स्टेशनाखाली मेट्रोचे संग्रहालय आहे. टोकियोच्या 1927 सालच्या पहिल्या भुयारी गाडीचा डबा तेथे ठेवला आहे, हे विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावे.)

मग 2000 च्या सुमारास संगणकाच्या कामासाठी गेलेले आपले अभियंते येथेच का राहिले? ओतेमाची, कायाबाचो या कचेऱ्यांच्या भागांत गाडी न बदलता पोचता येते, हे एक. दुसरे म्हणजे, जवळच्या सार्वजनिक वसाहतींत परदेशी माणसाला जामीनदाराशिवाय भाड्याने घर मिळते. नवख्या गावात जामीनदार आणणार कोठून?

2004 नंतर त्या भागात इंग्रजी माध्यमाच्या भारतीय शाळा निघाल्या. बाप आज टोकियोत, उद्या आणखी कोठे. तेव्हा ही सोय लागतेच, तिला आम्ही नावे ठेवत नाही. पण इंग्रजीवर नोकरी भागते, शेजार भागत नाही. 2019 मध्ये एदोगावाने पुराचा जो नकाशा काढला, त्याच्या मुखपृष्ठावरच महापुरात येथे थांबू नका, अशी सूचना होती. पाणी चढू लागले तर शेजाऱ्याशी चार वाक्ये बोलता यायला हवीत की नकोत?

अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक जपानी शिकले, एप्रिल 2019 मध्ये याच एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले आणि 2023 मध्ये इबाराकी प्रांतातील एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. मते काही इंग्रजीत मागता येत नाहीत!

आपण बडोदेकरांना हे नवे नाही. गायकवाडांबरोबर आलेल्या आपल्या पूर्वजांनी घरात मराठी ठेवली आणि मांडवीच्या बाजारात गुजराती आपलीशी केली. म्हणूनच, ‘मुले परदेशीच जाणार, मराठी-गुजरातीचे तास कमी करा’ ही पालकसभेत अधूनमधून येणारी सूचना आम्हांला मान्य नाही. दोन भाषांत वाढलेल्या मुलाला तिसरी जड जात नाही, असा आमचा अनुभव आहे. पुढील सत्राचे वेळापत्रक ठरवताना विश्वस्तांनी दोन्हींच्या तासांना हात लावू नये, आणि जमल्यास मराठी वाचनाचा एक तास वाढवावा.