घड्याळ प्रिंट झालं, पण धातू आतून कसा आहे?

सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलने वॉच अल्ट्रा ३ आणि टायटॅनियमचं सिरीज ११ आणलं. दोन्हींची बॉडी थ्रीडी प्रिंट केलेली आहे. चर्चा झाली ती कच्चा माल निम्माच लागतो याची. मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: प्रिंट केलेला धातू नेहमीच्या धातूसारखाच असतो का?

नाही. मिश्रण तेच असलं तरी आतली रचना बदलते.

प्रिंटर पावडरचा पातळ थर पसरतो, लेझर हवा तेवढाच भाग वितळवतो, मग त्यावर पुढचा थर. या घड्याळात ६० मायक्रॉनचे ९०० हून जास्त थर असतात. वितळलेला ठिपका क्षणात गोठतो. थंड होण्याचा वेग सेकंदाला लाखो अंश! अणूंना नीट बसायला वेळच मिळत नाही. विमानांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम-ॲल्युमिनियम-व्हॅनेडियम मिश्रधातूत यामुळे सुईसारखी बारीक रचना तयार होते. धातू मजबूत होतो, पण ताणला की लवकर तुटतो. शिवाय त्याचे कण थरांना छेदत खांबांसारखे उभे वाढतात, त्यामुळे आडवी आणि उभी ताकद सारखी राहत नाही.

खरा धोका मात्र छिद्रांचा. लेझरची ऊर्जा कमी पडली तर थरांमध्ये फटी राहतात, जास्त झाली तर बुडबुडे अडकतात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना? तसंच वारंवार ताण आला की तडा या छिद्रांपासून सुरू होतो.

म्हणून प्रिंटनंतर धातू भट्टीत तापवतात, गरज पडल्यास गरम आर्गॉन वायूच्या प्रचंड दाबाखाली छिद्रं मिटवतात आणि सीटी स्कॅनने आत काय राहिलंय ते बघतात.

इस्रोने ९ मे २०२४ ला पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं प्रिंट केलेलं इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिलं. १४ भागांचा एकच भाग झाला, १९ वेल्डिंगचे जोड गेले. जोड गेले म्हणजे तिथला धोका गेला, पण आता दोष असलाच तर तो धातूच्या पोटात लपलेला असणार.

घड्याळाला तडा गेला तर पैसे जातील. रॉकेटमध्ये मोहीम जाईल, आणि खुब्याच्या सांध्यात बसवलेल्या भागाला गेला तर पेशंटचं पुन्हा ऑपरेशन. त्यामुळे ‘थ्रीडी प्रिंटेड’ हा शब्द मी दर्जाचा शिक्का मानत नाही, आणि दोषही मानत नाही. प्रिंटनंतर त्या धातूवर काय प्रक्रिया केली आणि किती वेळा ताण देऊन तपासला, एवढं विचारा. दर्जा तिथे ठरतो.