आपण जिंकलो

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना दरवर्षी एका ठिकाणी आमची गाडी अडते. उर्दूत 'हम' हा एकच शब्द. मराठीत त्याचे दोन होतात, 'आम्ही' आणि 'आपण'. मुले विचारतात, "सर, दोन्हींचा अर्थ तर एकच ना?" मग आम्ही फळ्यावर लिहितो : ज्याच्याशी बोलतो आहोत तो धरून असेल तर 'आपण', त्याला सोडून असेल तर 'आम्ही'. मुले वहीत उतरवून घेतात आणि दुसऱ्याच दिवशी निबंधात "आपण पाहुण्यांचे स्वागत करतो, पाहुण्यांनी आत यावे" असे लिहून आणतात. हा धडा आम्हाला स्वतःला नीट कळला तो मात्र वर्गात नव्हे. तो कळला आमच्या इमारतीच्या जिन्यात, फुटबॉलच्या एका सामन्यामुळे.

तारीख होती १३ मार्च २०२१, शनिवार. कोरोनाची दुसरी लाट डोके वर काढत होती. कल्याण-डोंबिवलीत दुकानांच्या वेळांवर पुन्हा बंधने आली होती. शाळा बहुतेक मोबाइलवरच भरत होती. कल्याण पश्चिमेतली आमची चार मजल्यांची इमारत. त्यातल्या तिसऱ्या मजल्यावरचे चाचा पॉझिटिव्ह निघाले होते आणि घरातच एका खोलीत वेगळे राहत होते. चाची दर दोन तासांनी बोटाला मशीन लावून ऑक्सिजन बघायच्या आणि आकडा कागदावर लिहून ठेवायच्या.

त्या रात्री इंडियन सुपर लीगची अंतिम लढत होती. मुंबई सिटी विरुद्ध एटीके मोहन बागान. त्या वर्षीचा अख्खा हंगाम गोव्यात, प्रेक्षकांविना खेळला गेला. अंतिम सामनाही मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर, रिकाम्या खुर्च्यांसमोर. त्यामुळे मुंबईचे सगळे चाहते आपापल्या घरात बसले होते. आमच्या इमारतीतली मुलेही दोन-तीन घरांत विभागून बसली होती.

साडेनऊच्या सुमारास जिन्यात असा काही गलका झाला की आम्ही ताटावरून उठलो. सात-आठ मुले तोंडावरचे मास्क गळ्यात आणून वर-खाली धावत होती. कुणी थाळी वाजवत होते, कुणी एकमेकाला उचलून घेत होते. आम्ही जे पाहिले ते असे पाहिले : तिसऱ्या मजल्यावर आजारी माणूस, साथीचे दिवस, रात्रीची वेळ आणि ही गर्दी. शिवाय मनात एक जुनी भीती होतीच. आपल्या मोहल्ल्यात रात्री मुलांचा घोळका दिसला की मोठ्यांच्या पोटात गोळा येतो. बाहेरच्या कुणी काही भलताच अर्थ काढला तर?

आम्ही ओरडलो. चांगलेच ओरडलो. "तुम्हाला काही लाज आहे का? काय मिळाले तुम्हाला, कप तुमच्या घरी येणार आहे?" मुले गप्प झाली. त्यांच्यात आमचा नववीतला एक विद्यार्थी होता. त्याचे अब्बू रिक्षा चालवतात. वर्षभर भाडे नाही, कर्जाचे हप्ते मात्र चालू. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, हम जीत गए. पूरे साल में पहली बार कुछ जीते."

आम्ही घरी परतलो, पण जेवण गेले नाही.

नंतर तो सामना आम्ही मोबाइलवर पुन्हा पाहिला. १८व्या मिनिटाला डेव्हिड विल्यम्सने मोहन बागानला आघाडी दिली. २९व्या मिनिटाला बागानच्या तिरीकडून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला आणि बरोबरी झाली. मध्यंतराच्या थोडे आधी मुंबईचा अमेय रानवडे जबर धडकेत डोक्याला मार लागून पडला. त्याला थेट दवाखान्यात न्यावे लागले. त्यानंतर गोल होईना. सामना जादा वेळेत जाणार असे वाटत असताना ९०व्या मिनिटाला बागानचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य जागा सोडून पुढे आला, चेंडू काही त्याच्या ताब्यात राहिला नाही. नायजेरियाच्या ओग्बेचेने तो मणिपूरच्या बिपीन सिंगकडे सरकवला आणि बिपीनने गोल केला. २-१. मुंबईने पहिल्यांदाच हा चषक जिंकला. साखळीतले पहिले स्थानही त्यांनी दोनच आठवडे आधी मिळवले होते.

आता बघा. कर्णधार पंजाबचा, गोल करणारा मणिपूरचा, प्रशिक्षक स्पेनचा, मैदान गोव्याचे. आणि कल्याणच्या जिन्यात रिक्षावाल्याचा मुलगा म्हणतो, हम जीत गए. त्याने चेंडूला पायही लावलेला नाही. तरी त्याचे बोलणे खोटे नाही. चाहता असतोच असा. तो मनाने त्या संघात सामील झालेला असतो. मराठीत सांगायचे तर तो 'आपण जिंकलो' म्हणत होता. त्यात आम्हीही होतो. आम्ही मात्र 'तुमच्या घरी येणार आहे का' असे विचारून त्याला 'तुम्ही' करून टाकले.

दुसऱ्या दिवशी चाचींचा फोन आला. तक्रार नव्हती. त्या म्हणाल्या, "मास्टरसाब, कल जो चिल्लाहट हुई, मैं समझी किसी के घर से मय्यत की खबर आई. मेरे तो हाथ-पाँव ठंडे पड गए." त्या दिवसांत रात्री कुणी ओरडले की माणसे आधी वाईटच धरत. आम्ही त्या विद्यार्थ्याला फोन केला आणि चाचींचे शब्द जसेच्या तसे सांगितले. रागावलो नाही. तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "सर, ये तो सोचा ही नहीं." त्या दिवसापासून पंधरा दिवस तिसऱ्या मजल्याचे दूध, भाजी आणि औषधे त्याच मुलांनी दाराशी नेऊन ठेवली. कुणी सांगितले नव्हते. अल्लाहच्या कृपेने चाचा बरे झाले.

म्हणजे आमचे ओरडणे चूक आणि मुलांचा जल्लोष बरोबर, असा याचा हिशेब नाही. मुलांच्या 'आपण'मध्ये मणिपूर आणि नायजेरिया मावले, तिसरा मजला राहून गेला. आमच्या 'आपण'मध्ये तिसरा मजला होता, पण पायरीवरची मुले नव्हती.

आणखीही कुणी राहून गेले होते. आमची लेक तेव्हा सातवीत होती. तिने मैत्रिणीबरोबर आतल्या खोलीत तोच सामना शेवटपर्यंत पाहिला होता. रात्री झोपताना ती म्हणाली, "अब्बू, आम्हीही जिंकलो ना? मग आम्ही दारातच का उभ्या राहिलो?" आमच्याकडे उत्तर नव्हते. आपल्या शेजारच्या मुंब्र्यात 'परचम' या संस्थेबरोबर मुली २०१२च्या सुमारास फुटबॉल खेळू लागल्या, मैदानात मुलींनाही जागा मिळावी म्हणून त्यांनी मागणी केली. गाडीने जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर. आमच्या घरापर्यंत ती गोष्ट यायला इतकी वर्षे लागली.

पुढच्याच महिन्यात शासनाने निर्णय घेतला. पहिली ते आठवी आणि नंतर नववी-अकरावीची मुले परीक्षेविना वरच्या वर्गात. निर्णय योग्यच होता. पण आमच्या त्या विद्यार्थ्याचा चेहरा मोबाइलच्या पडद्यावर पडलेला दिसला. "सर, पास हुए, लेकिन किस में?" तेव्हा आम्हाला त्याच्या जिन्यातल्या वाक्याचा खरा अर्थ लागला. त्या वर्षी मुलांच्या वाट्याला एकही खरा निकाल आला नव्हता. शेवटच्या मिनिटाला लागलेला तोच एक निकाल.

म्हणून त्या दिवशी ऑनलाइन तासाला आम्ही धडा बाजूला ठेवून एका बढतीची गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये फुटबॉलचे संघ पायऱ्यांवर बसवलेले असतात. चांगले खेळणारा वरच्या वर्गात जातो, वाईट खेळणारा खाली येतो. तिथल्या तिसऱ्या पायरीवर पहिले दोन संघ थेट वर जात आणि पुढच्या चार संघांत स्पर्धा होऊन त्यातला एकच चढे. ३० मे १९९९ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर त्या एका जागेसाठी मँचेस्टर सिटी आणि गिलिंगहॅम समोरासमोर आले. ८७व्या मिनिटापर्यंत गिलिंगहॅमचे दोन गोल झाले होते, सिटीचा एकही नाही. सिटीचे कितीतरी चाहते निराश होऊन उठले आणि बाहेर पडू लागले. ९०व्या मिनिटाला हॉरलॉकचा गोल. ९५व्या मिनिटाला डिकोव्हचा. बाहेर पडलेले लोक गर्जना ऐकून परत धावले. पेनल्टींवर सिटी जिंकली आणि वर चढली. त्याच क्लबने २०१९ साली इंग्लंडमधले तिन्ही मोठे चषक एका हंगामात जिंकले आणि त्याच वर्षी त्याच्या मालकांनी मुंबई सिटीत मोठा हिस्सा घेतला.

मुलांना गोष्ट आवडली. त्या विद्यार्थ्याने विचारले, "और गिलिंगहॅम का क्या हुआ, सर?" आम्हाला बरे वाटले. हरलेल्यांची चौकशी करणे त्याला सुचले होते. आम्ही सांगितले की गिलिंगहॅमही पुढच्याच वर्षी त्याच मैदानावर, तशाच लढतीत जिंकून वर चढले. मग फातोर्ड्याच्या अरिंदमचीही आठवण काढली. ज्याच्या चुकीतून शेवटचा गोल झाला, त्यालाच त्या हंगामातला उत्तम गोलरक्षक म्हणून गौरवण्यात आले. एका मिनिटावरून माणसाचे वर्ष मोजू नये.

इंडियन सुपर लीगमध्ये अशी बढती बरीच वर्षे नव्हती. अलीकडे आय-लीग जिंकणाऱ्या संघाला वरचे दार उघडले. ६ एप्रिल २०२४ रोजी, रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने शिलाँग लाजाँगला त्यांच्याच गावात २-१ हरवले आणि वरची पायरी गाठली. १८९१ सालचा हा क्लब. १९३४ ते १९३८ सलग पाच वर्षे कोलकाता लीग जिंकणारा. आमचे मरहूम वडील त्याचे नाव फार आदराने घेत. पुढच्या पाचच दिवसांत ईद होती. पण वर गेल्यावर पहिल्या हंगामात मोहम्मडन तळाला राहिले. बढती म्हणजे वरच्या वर्गातली पहिली घंटा, तिथला अभ्यास पुढेच असतो.

वाचकहो, आपल्या घरांत मुलांचा आनंद आपण फार लवकर गप्प करतो. कारणे खरी असतात. आजारपण, शेजार, परीक्षा, बाहेरच्या जगाची धास्ती. पण गप्प केलेला आनंद जात नाही. तो मग रात्री दोस्ताच्या बाइकवर तिघे बसून, हेल्मेट न घालता, हायवेवर फिरायला जातो. त्यापेक्षा त्याला आपल्या डोळ्यांसमोर जागा द्यावी. मोठा सामना असेल तर घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहावा, मुलींनीही. इमारतीत कुणी आजारी आहे का, कुणाकडे गमी आहे का, याची चौकशी सामन्याआधी मुलांनाच करायला लावावी. फटाक्यांवर घालायचे पैसे मिठाईवर घालावेत आणि पहिला तुकडा हरलेल्या संघाच्या चाहत्याला द्यावा.

४ मे २०२४, पुन्हा शनिवार. मुंबई सिटी आणि मोहन बागान पुन्हा अंतिम फेरीत, या वेळी कोलकात्यात, भरलेल्या मैदानात. दुपारी जिन्यात पावले वाजली. आमचा तो विद्यार्थी, आता बारावी झालेला, तिसऱ्या मजल्याची बेल वाजवत होता. "चाची, आज मॅच है, थोडा शोर होगा, चलेगा?" चाची म्हणाल्या, "चलेगा. लेकिन टीव्ही नीचे लगाओ, तुम्हारे चाचा भी आएँगे."

टीव्ही खाली पॅसेजमध्ये लावला. आमची लेक आणि तिच्या मैत्रिणी पुढच्या सतरंजीवर बसल्या. मुंबई एका गोलने मागे पडली, मग बरोबरी झाली, मग ८१व्या मिनिटाला पुन्हा त्याच बिपीन सिंगचा गोल आणि अगदी शेवटी तिसरा. ३-१. जो काही आरडाओरडा झाला त्यात सर्वांत मोठा आवाज चाचांचा होता. कुणीतरी विचारले, "सर, काय झाले?" आम्ही म्हणालो, "आपण जिंकलो."