ब्रेकचे पॅड घरी बदलायला शिका

डिस्क ब्रेकचे पॅड बदलणं हे घरचं काम आहे आणि कोल्हापुरात तर ते घराघरांत यायला हवं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून गाड्यांची बिडाची कास्टिंग बाहेर जातात, उद्यमनगरात काय वाट्टेल तो पार्ट करून मिळतो. त्याच गावातली पोरं करकरणारा ब्रेक घेऊन महिनाभर हिंडतात, हे मला बघवत नाही. माझं आयुष्य लेथवर गेलं. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज मला गल्लीच्या टोकावरून कळतो.

ड्रम ब्रेक ढिला झाला की पायाला कळायचं, नट आवळला की भागायचं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, आणि पुढच्या चाकाला डिस्क ही सर्रास गोष्ट झाली. डिस्कचं दुखणं वेगळं. पॅड झिजेल तसा पिस्टन आपोआप पुढं सरकतो, त्यामुळं लिव्हर शेवटपर्यंत चांगलाच लागतो. आतला मसाला संपत आलाय हे हाताला समजत नाही. वाकून, बॅटरी मारून डोळ्यांनीच बघावं लागतं.

आमच्या घरी हे काम लेक करते. जुने पॅड काढले की पिस्टन मागं ढकलावा लागतो. त्याआधी ती वरच्या टाकीचं झाकण सैल करते आणि भोवती ओलं फडकं गुंडाळते, कारण ब्रेक ऑइल सांडलं तर गाडीचा रंग सोलून निघतो. पॅडची धूळ तोंडानं फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची. नव्या पॅडला कडेनंच धरायचं. त्याला ग्रीसचं बोट लागलं तर तो वाया गेला. बोल्ट किती आवळायचे हे गाडीच्या पुस्तकात असतं. टॉर्क पाना नसेल तर ओळखीच्या वर्कशॉपमधून मागून आणा, आपल्याकडं त्याला कुणी नाही म्हणत नाही.

यानंतरची गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. गाडी जागेवरून हलवण्याआधी लिव्हर दाबत राहा, कडक होईपर्यंत. पिस्टन मागं गेलेला असतो, पहिले दाब मोकळेच जातात. ते मोकळे दाब चौकात उसाच्या ट्रॉलीमागं जायला नकोत.

ब्रेकला घरी हात लावणं धोक्याचं, असं काही मिस्त्री म्हणतात. ब्रेक ऑइलपुरतं ते मला शंभर टक्के मान्य आहे. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. गगनबावड्याचा घाट ब्रेक दाबून धरतच उतरलात तर कॅलिपर तापतो, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर मुठीपर्यंत खाली येतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, पण ते बदलणं आणि लाइनमधली हवा काढणं मिस्त्रीवर सोडा. एबीएस असेल तर नक्कीच.

कळंबा रोडच्या आयटीआयनं सुट्टीच्या दिवशी कॉलेजच्या मुलामुलींना हे शिकवावं. शिकाऊ परवान्याला रस्त्यावरची चिन्हं विचारतात, तसं पॅड कुठं असतो आणि किती उरला हे ओळखायलाही विचारावं.

आणि काढलेले पॅड लगेच फेकू नका. दोन्ही शेजारी ठेवून बघा. एक जास्त झिजला असेल तर पिन किंवा पिस्टन अडकतोय. ते पॅड तसेच घेऊन मिस्त्रीकडं जा.