तेलातील धातू : मोजणार कोण?

खाद्यतेलाचा भाव किलोमागे दोन-चार रुपयांनी चढला की घराघरांत त्याची चर्चा होते. त्याच तेलात शिसे किती, आर्सेनिक किती, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. यात ग्राहकाचा दोष नाही. तेल खवट झाले आहे की ताजे आहे, हे गृहिणी नुसत्या वासावरून सांगू शकते. शिशाचा अंश तिला कळण्याचा काही मार्ग नाही.

जमिनीतून पिकात, यंत्रांच्या झिजेतून आणि साठवणीच्या भांड्यांतून हे धातू तेलात उतरतात. वनस्पती तूप तयार करताना निकेलचा उत्प्रेरक म्हणून वापर होतो. भारतीय नियमांनुसार त्याचा अंश किलोमागे १.५ मिलीग्रॅमहून अधिक राहता कामा नये. तांबे व लोखंड अत्यल्प असले तरी तेल लवकर खवट करतात. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक आहे. त्याची निर्धोक अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आर्सेनिकसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा किलोमागे ०.१ मिलीग्रॅम, म्हणजे कोटी भागांत एक भाग आहे. पंधरा किलोच्या डब्यात सारे मिळून अवघे दीड मिलीग्रॅम! एवढे सूक्ष्म मोजमाप सोपे नाही. तेलाचा नमुना सामान्यतः बंद पात्रात नत्राम्लासह तापवून त्यातील सेंद्रिय भाग नष्ट करावा लागतो, आणि मगच तो महागड्या उपकरणात घालता येतो. भांडे किंवा आम्ल किंचित अशुद्ध असले तरी आकडा फसवा येतो.

येथेच अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. गुणवत्ता विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर बाजारात हलका माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो, हे जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. तेलाच्या बाबतीत तर पुष्कळदा विक्रेताही अज्ञानीच असतो. अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकाला शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो. माल नियमबाह्य ठरल्यास शुल्क परतही मिळते. परंतु लिटरभर तेलासाठी आधी पदरमोड करून प्रयोगशाळेच्या पायऱ्या कोण चढणार? तपासणीचा खर्च एकाचा आणि लाभ सर्वांचा, म्हणून ती कोणीच करीत नाही.

हा सारा भार उत्पादकावर टाकावा, असे म्हणणे सोपे आहे. मोठा कारखाना तो पेलेल. तालुक्याच्या गावचा प्रामाणिक घाणेवाला मात्र त्याखाली दबून जाईल. म्हणून नमुने शासनाने स्वखर्चाने, नियमितपणे घ्यावेत, आणि त्यांचे निष्कर्ष उत्पादनाच्या नावानिशी प्रसिद्ध करावेत. दुकानात भावाची पाटी लावणे बंधनकारक होऊ शकते, तर धातूंचा आकडाच गुप्त का राहावा? मर्यादा कागदावर लिहिल्याने तेल शुद्ध होत नाही. ज्याचे मोजमाप होत नाही, त्याचा जाब कोणालाच विचारता येत नाही.